सात ग्रॅमची चिठ्ठी

प्रिय डॉक्टरसाहेब,

दोऱ्यांच्या डब्या एकोणचाळीस. तळपाय ठेवायचा सागवानी पाट एक, उतार बारा अंशांचा. गार आणि कोमट पाण्याच्या पितळी नळ्या, जोड्या चार. जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर बसवलेलं, पायाच्या अंगठ्याला थरथर देणारं यंत्र एक. तुमचं चाकांचं स्टूल एक. त्याचं डावं चाक मी तीनदा बदललं, तरी तुम्ही डावीकडंच रेलून बसायचात.

हे सगळं या दोन हातांनी केलेलं. शाळा आठवीपर्यंत. बाकीचं उद्यमनगरात लेथवर उभं राहून आणि तुमच्या जाड पुस्तकांतली चित्रं बघून शिकलो. काल वहिनींनी राजारामपुरीतला दवाखाना रिकामा करायला बोलावलं, तेव्हा ही यादी केली. काल तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. आमच्यात चाळिसाव्याला गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलतात. मला बोलता येईना, म्हणून लिहितोय. पण सगळं चांगलंच लिहीन, असं नाही.

कपाटात तुमची चंदगड शिबिराची वही सापडली. मधल्या एका पानावर चिठ्ठी डकवलेली होती. अक्षर माझं. साहेब, ती तुमच्याकडं होती? इतकी वर्षं?

पहिल्यापासून लिहितो. तुम्हालाही सगळं क्रमानंच लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुम्ही माझ्या कारखान्यात आलात. हातात परदेशी डबी, आतला नायलॉनचा दोरा मोडलेला. "असला करून द्याल का?" मी म्हटलं, "कशाला लागतो ते आधी सांगा." तुम्ही मला चप्पल काढायला लावलीत. "डोळे मिटा मिस्त्री. टोचलं की 'हाय' म्हणा."

हाय. हाय. हाय. मग नुसती शांतता.

"आत्ता टेकवला होता की," तुम्ही म्हणालात. करंगळीखाली माझा पाय बधिर होता आणि मला पत्ताच नव्हता! भट्टीतला ठिणगा कधीतरी तिथं पडला असणार. "नस अशीच जाते. बोंब न मारता. ती पुरती जायच्या आत मला धरायची आहे."

पुढं केव्हातरी चहा पिताना आईचं सांगितलंत. तिचा पाय चुलीतल्या निखाऱ्यावर पडला आणि तिला कळलं ते वास आल्यावर. तुम्ही मेंदूचे डॉक्टर होऊनही मेंदू सोडून लोकांच्या पायाशी का बसलात, हे मी परत विचारलं नाही.

गळाला लावतात ती नायलॉनची दोरी आणली. पहिली मूठ दात घासायच्या ब्रशची होती, आठवतं? हसला होतात. पण दोरा बरोबर होता. तळपायाला टेकवून दाबायचा. तो वाकला की दाब दहा ग्रॅम, कमी नाही, जास्त नाही. गुजरीतल्या सराफाकडून जुना तराजू आणून मी एकेक दोरा वजनावर तपासायचो. तपासलेली वजनं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्या त्या डबीत ठेवायचो. ही माझी सवय. ध्यानात ठेवा.

मग आपण दोघं, तुमची ती खडखडती गाडी आणि चंदगडची शिबिरं. साखरेचे रोगी, कुष्ठातून बरे झालेले, काहीच निदान न झालेले. भातलावणी करणारी गौरव्वा पाटावर पाय ठेवून म्हणायची, "आवो डाक्टर, डोळं मिटून काय देव दिसतोय व्हय?" तुम्ही म्हणायचात, "दिसला तर त्यालाबी 'हाय' म्हण." सगळी रांग हसायची. ते दिवस चांगले होते, साहेब. तेवढं चांगलं लिहिलं बघा.

एक दिवस तुम्ही वही घेऊन कारखान्यात आलात. "मिस्त्री, पावसाळा लागला की सगळ्यांच्याच नसा एकदम बिघडतात. दिवाळीनंतर सुधारतात. दोरा तर फसवत नसंल?"

मी लेथ बंद केली. "माझा दोरा? अर्धं उद्यमनगर माझ्या गेजवर माप लावतंय. चूक असंल तर तुमच्या नसांत असंल साहेब, माझ्या दोऱ्यात न्हाय!"

तुम्ही हसलात. "बरं. तुमचा शब्द."

का घेतलात माझा शब्द? एवढे शिकलेले तुम्ही! तराजू शेजारीच होता. एकदा माझ्या हातातून दोरा हिसकावून घ्यायचा होता.

माझ्या शब्दावर तुम्ही निबंध लिहिलात, की भाताच्या चिखलात उभं राहणाऱ्यांच्या नसा पावसाळ्यात सुजतात. तो परदेशात छापून आला. शेवटी आभारात माझं नाव, इंग्रजीत. तुम्ही पेढे घेऊन आलात. मी ते पान काचेत बसवून लेथवर टांगलं. आठवी शिकलेल्या माणसाचं नाव, साहेब!

पुढच्या पावसाळ्यात चंदगडहून एक डबी मूठ सैल झाली म्हणून परत आली. ओलसर होती. सवयीनं दोरा तराजूवर धरला. सात ग्रॅमला वाकला. भट्टीजवळ वाळवला, दहा. ओल्या फडक्यात ठेवला, सात. तीनदा केलं. मी दोरे तपासायचो कोल्हापुरात भट्टीच्या उबेत आणि तुम्ही वापरायचात चंदगडच्या पावसात. नायलॉन पाणी पितं. दोरा मऊ पडतो, टोचत नाही, आणि भलीचांगली बाई डोळे मिटून गप्प बसते.

राजारामपुरी सायकलवरून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. काचेतल्या पानाकडं बघितलं आणि गेलो नाही.

दिवाळीच्या आधी एकदा दवाखान्यात आलो तर बाकड्यावर गौरव्वा. ओळखूच येईना. नसांची सूज उतरावी म्हणून तुम्ही दिलेल्या कडक गोळ्यांनी तोंड सुजलेलं. भातलावणीला चिखलात उतरायचं नाही, असंही तुम्ही बजावलेलं. "बगा की मिस्त्री," ती म्हणाली, "तुमच्या दोऱ्यानं मला शेठानी केलं. बसून खातोय!" मी तिच्याबरोबर हसलो. हसलो, साहेब! आणि पाट दुरुस्त करून घरी गेलो.

आठवडाभरानं तुम्ही आलात. दोरा ओल्या फडक्यात गुंडाळलात, तराजूवर धरलात. सात. मग माझ्याकडं बघितलंत.

"मिस्त्री, तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच की, साहेब. तुमच्याबरोबरच."

"बरं. तुमचा शब्द."

निबंध तुम्ही मागं घेतलात. कळवलंत की उपकरण तपासण्यात तुमचीच चूक झाली. माझं नाव कुठंच नाही. गौरव्वाच्या गोळ्या हळूहळू बंद केल्यात, तिच्यापुढं हात जोडलेत. त्यानंतर तुम्हाला परिषदांना कुणी बोलावलं नाही, संशोधनाचे पैसे थांबले. तुम्ही मात्र जुन्या गाडीतून चंदगडला जात राहिलात. सोबत छोटा तराजू असायचा. तोही मीच करून दिला. वरच्या यादीत लिहायला विसरलो. एक.

आणि काल ती चिठ्ठी. दहा, सात, दहा, सात, दहा, सात. दुरुस्त केलेल्या डबीत सवयीनं ठेवून मीच पाठवली होती तुमच्याकडं! खाली तुमच्या हातची तारीख. तुम्ही कारखान्यात आलात त्याच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी खोटं बोललो तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात, आणि तरीही "तुमचा शब्द" म्हणालात. त्यापेक्षा एक कानाखाली द्यायची होती! पुढं इतकी वर्षं माझ्या हातचा चहा कसा प्यायलात? मी कधीतरी आपणहून सांगेन, याची वाट बघत होतात का? आता कुणाला विचारू?

येत्या रविवारी चंदगडची एसटी धरणार. गौरव्वाला सांगणार, की डॉक्टरांची नाही, माझी चूक होती, आणि मला आधीच ठाऊक होतं. ती शिव्या देईल. तिथंच उभा राहीन. आणि यापुढं माझ्या हातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डबीत चिठ्ठी असेल: 'हा दोरा दमट हवेत सात ग्रॅमलाच वाकतो. वापरण्याआधी वजन करा.' खाली माझी सही.

आज सकाळी ही नवी चिठ्ठी मुंबईच्या कंपनीच्या माणसाला दाखवली. तीन महिने बोलणी चालली होती. दोरा, मूठ, करायची पद्धत, सगळं त्यांना हवं होतं. तो म्हणाला, "मिस्त्री, असलं लिहून माल खपतो का? चिठ्ठी काढा, आत्ता चेक देतो." चेक लिहूनच आणला होता. चहा पाजून परत पाठवला. आकडा लिहितो, कारण अंदाजे सांगितलेलं तुम्हाला चालत नसे: दोन लाख चाळीस हजार.

तुमचा,
दस्तगीर मिस्त्री