कुटाराखालची रोपं

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. बावीस वर्षं सासू-सुना म्हणून एका घरात राहिलो, एकाच चुलीपाशी भांडलो. पत्राची गरजच काय होती? पण काल तुमच्या नातीचा फोन आला आणि आज लिहिल्यावाचून राहवेना.

गार्गी हिमाचलात फळबागांचं शिकते आहे, तुमच्याच हट्टानं. तिनं फोनवरच दाखवलं. होस्टेलमागे सगळा बर्फ आणि त्यातून बोटभर उंचीचं जांभळं फूल वर आलेलं! मी विचारलं, "अगं, हे गारठून मरत कसं नाही?"

"आई, बर्फ म्हणजे त्याचं पांघरूणच. खालची माती वरच्या वाऱ्याइतकी गार होत नाही. कंदात अन्न साठवलेलं असतं. शिवाय झाडाच्या रसात साखर वाढते, म्हणून तो लवकर गोठत नाही."

मामाजी शेजारीच बसले होते. "म्हंजे आपलं कुटारच की!" म्हणाले आणि लागलीच त्यांची ती गोष्ट सुरू. "तुह्या आजीनं एक डाव वाफ्यावरचं सारं कुटार सारलं अन् रोपं मारली. माळ्याच्या दारात पाडव्याले इकतचं तोरण!"

तुम्ही गेल्यावर ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच काढली. हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी मात्र खाली मान घालून मेथी निवडत राहिले.

कारण ते कुटार तुम्ही सारलंच नव्हतं. ते मी सारलं होतं!

आठवतं ना? माझी पहिली संक्रांत. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. अंगणालगतच्या वाफ्यात पाडव्यासाठीची झेंडूची रोपं आणि त्यांवर ते कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा. अकोल्याच्या मुलीला तो कचरा वाटला. मी सगळा झाडून काढला, वाफ्याच्या कडेनं रांगोळीसुद्धा काढली! बायकांनी रांगोळीचं कौतुक केलं, मी फुलून गेले. त्या गडबडीत वाफ्याकडे तुमचंही लक्ष गेलं नाही.

सकाळी रोपं काळी पडलेली, उकडलेल्या भाजीसारखी. मामाजी ओरडले, "काहून सारलं हे? कोनं सारलं?" मी दाराआड सरकले. तुम्ही पाटातून विहिरीचं कोमट पाणी वाफ्यात सोडत होतात. मान वर न करताच म्हणालात, "म्याच सारलं. झाकाचं ध्यानात नाही रायलं."

चहात साखर जास्त पडली तरी तुमचा आवाज चार घरं ऐकू जायचा, आत्याबाई! त्या दिवशी मात्र मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं, खरं सांगते. नुसतं माझ्या हातात कुटाराचं टोपलं दिलंत. "थंडीत नवं रोप झाकाच लागते, पोरी. अन् ऊन आलं की सारा लागते, नाही तं पिवळं पडते."

वाचलेल्या वीस-पंचवीस रोपांवर रोज संध्याकाळी मी कुटार घातलं, रोज सकाळी सारलं. शेती तिथूनच शिकले. या घरात माझी मुळं तिथेच धरली. माझ्या आईनं जन्म दिला, पण इथे मला तुम्ही जगवलंत.

पण ऊन येऊन किती वर्षं झाली! माझं सारायचं राहूनच गेलं. तुमच्या देखत एकदा तरी खरं बोलायला हवं होतं. दर थंडीत सगळे तुम्हाला हसायचे, तुम्हीही हसायच्यात, आणि मी गप्प. इतकी कशी मी भित्री?

आज सकाळी चहा देताना मामाजींना सांगून टाकलं. कप तसाच हातात राहिला त्यांच्या. मग तुमच्या फोटोकडे पाहून म्हणाले, "बावीस वर्सं हासू देल्लं मले. एकदा तं सांगाचं होतं!"

त्यांनी कप खाली ठेवला. शेवटी मला म्हणाले, "यंदाचं तोरण तू ओव. पयला हार तिले."

ओवीन, आत्याबाई. वाफ्यातली रोपं यंदा जोमात आहेत, कळ्या धरू लागल्यात. आणि ती गोष्ट यापुढे दर संक्रांतीला मीच सांगीन, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर, माझ्या नावानं. हसायचं तर मला हसू दे सगळ्यांना.

तुम्ही झाकलेली,
सुनीता