खडपावरून आणलेला दगड

आये, तुझ्या खडपावरचा दगड मी टाकीतून बाहेर काढलाय. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको.

आपल्या वाडीमागचा समुद्र आता लांब गेला. भराव पडला, त्यावर कंटेनर उभे राहिले, आणि ओहोटीला उघडे पडणारे ते काळे दगड, तुझं खडप, सगळं खाली गाडलं गेलं. तू जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. डंपर यायला लागले तशी मी एका दुपारी बादली घेऊन गेले, आणि दोन हातांत मावेल एवढा एक दगड समुद्राच्या पाण्यात बुडवून रिक्षाने उरणला फ्लॅटवर आणला. त्याला कालवांचे खालचे शिंपले चिकटलेले होते. पांढरे, रिकामे, झाकण उडवून आतला गर काढून घेतल्यावर उरतात तसे. ती कालवं तूच फोडलीस असं मी स्वतःला सांगितलं. चौदा वर्षं समुद्र कुणाची खूण ठेवत नाही, हे मलाही कळतं. पण दगडावर बारीक गोगलगायी होत्या, शेवाळ होतं, नखाएवढे दोन खेकडे होते. म्हणजे तुझं खडप बादलीभर तरी जिवंत होतं. ते जगवायला मी काचेची टाकी घेतली. "दगड बघायला कोण येणार घरी?" असं तुझा जावई म्हणाला, म्हणून मग मासे आले, मुंबईच्या दुकानातून मऊ प्रवाळ आलं, दिवा आला, पंप आला. लोक माशांसाठी टाकी घेतात आणि शोभेला दगड ठेवतात. आमच्याकडे उलटं झालं.

गेल्या वर्षी नव्या प्रवाळाच्या बुडाशी चिकटून एक आगंतुक आला. तपकिरी देठ आणि वर काचेसारख्या बोटांचा झुबका. दुकानदार त्याला ऐप्टेशिया म्हणतो. समुद्रफुलाचीच एक जात. खडपावरच्या खळग्यांत अशीच फुलं उमललेली असायची, आणि मी बोट लावायला गेले की तू म्हणायचीस, "ते फूल न्हाय गो. पोट हाय ते नुसतं." हेही पोटच. माशांना टाकलेलं खातं, हातपाय पसरतं, शेजारच्या प्रवाळाला डंख मारतं, आणि प्रवाळ मिटून बसतं ते उघडतच नाही. महिन्याभरात एकाची चार झाली. चारही तुझ्या दगडावर, शिंपल्यांच्या खाचांत.

मग मी जे केलं ते कालवंवालीच्या लेकीनेच करावं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू फडक्यात गुंडाळलेली, कालवं फोडायची तुझी कोयती माझ्या पेटीत ठेवली होतीस. मी म्हटलं, "आये, फ्लॅटमध्ये हिचं काय करू?" तू म्हणालीस, "काय करू नको. घरात आपलं लोखंड असावं." ती कोयती मी काढली, उकळत्या पाण्यात धुतली आणि टाकीत हात घातला. मनगट कसं वळवायचं ते हाताला आठवत होतं. चारही पोटं खरवडून काढली, पाण्यात तुकडे भिरभिरले, आणि मला फार बरं वाटलं. पंधरा दिवसांनी दगड नुसत्या झुबक्यांनी भरला. मी दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, तुम्ही चाकू लावला त्याला?"

"कोयती लावली."

"अहो, एकेका तुकड्याचं नवीन होतं ते. शेती केलीत तुम्ही."

त्याने चुना सांगितला. साधा चुना पाण्यात घट्ट कालवायचा, सिरिंजमध्ये भरायचा, पंप बंद करायचा आणि एकेकाच्या तोंडात थेंब सोडायचा. मी ऐकत होते, आणि डोळ्यांसमोर तू जखमेवर चुना लावत होतीस. शिंगाळा माशाचा काटा माझ्या तळव्यात गेलाय, मी रडतेय, आणि तू चंचीतून डबी काढून म्हणतेयस, "रड, पण पाय हलवू नको." टाकीतलं पोट चुना खाणं समजून गिळतं, आखडतं, पांढरं होतं, विरघळतं. एकदम जास्त चुना गेला तर माशांना बाधतो, म्हणून रोज सकाळी पाच-सहाच. पण शिंपल्यांच्या खाली सुई पोचत नव्हती, आणि तिथून पोटं परत वर येत होती. मग ही पोटं खाणारी म्हणून एक पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी आणली. तिने माशांचं खाणं खाल्लं आणि पोटांना हातही लावला नाही. "आई असत्या तर हिचं कालवण झालं असतं एव्हाना," तुझा जावई म्हणाला. मी हसले.

प्रवाळ निम्मं मिटलं होतं. दुकानदार म्हणाला, "रॉक काढा मॅडम. आठवडाभर कडक उन्हात टाका, सगळं मरू दे, नळाखाली धुवा, परत लावा. एक जरी ठेवलं ना, तरी परत होणार."

एक जरी ठेवलं. आये, तिथेच माझा हात अडला. मी अकरा वर्षांची होते. उधाणाची ओहोटी, पाणी लांबपर्यंत ओसरलेलं. तुला दाखवायचं म्हणून मी एका अख्ख्या दगडावरची कालवं फोडून तो साफ केला, नखाएवढीसुद्धा सोडली नाहीत. तू टोपलीत बघितलंस आणि कौतुक केलं नाहीस.

"बारकी कशाला काढलीस?"

"सगळी काढली."

"सगळी काढायला तू काय दर्या हायस? बी हाय ते. बारकी ठेवायची."

आणि पाणी चढेपर्यंत मला त्या बोडक्या दगडासमोर बसवलंस. बाकीच्या बायका हसत घरी गेल्या, तू मात्र लांब दुसऱ्या दगडावर पाठ करून थांबलीस. तेव्हापासून मी भांड्यातला भातसुद्धा खरवडून घेत नाही. आणि आता तुझ्याच दगडावरचं शेवाळासकट सगळं मारायचं होतं. विचारायला तू हवी होतीस. बारकी ठेवायची का, एवढंच विचारायचं होतं. दोन महिने मी चुना घालत राहिले, कारण चुना घालत होते तोवर ठरवावं लागत नव्हतं.

एका रविवारी सकाळी जावयाने गॅलरीत गोणपाट अंथरलं. मी दगड बादलीत धरून हलवला. दोन खेकडे आणि काही गोगलगायी पडल्या, त्या परत टाकीत सोडल्या. बाकीचं उन्हात ठेवलं. पाणी निथळलं तशी सगळी पोटं मिटून चिकट ठिपके झाली.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमच्याकडे काही मेलंय का हो?" जावई म्हणाला, "दगड." त्या नाकाला पदर लावून खाली गेल्या. मी गॅलरीत उभी होते. ओहोटीचा वास, ऊन लागलेल्या शेवाळाचा, आणि घरी परतताना मी धरलेल्या तुझ्या लुगड्याच्या ओल्या काठाचा. इतक्या वर्षांत तुझा चेहरा आठवत राहिला, आवाज आठवत राहिला. वास विसरले होते, आणि विसरलेय हेही ठाऊक नव्हतं.

टाकीतलं प्रवाळ आता उघडायला लागलंय. दगड धुतला की वास जाईल, आणि परत पाण्यात गेला की तो कुठल्याही दगडासारखा दगड असेल. हा कागद मला कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. दोन आठवडे होत आले, दगड केव्हाच खडखडीत वाळलाय. जावई रोज संध्याकाळी विचारतो, "सुकला का गं?" आजही त्याने विचारलं, आणि मी म्हणाले, अजून आतून ओला आहे.