कॅप बसवण्याआधी

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय चिमे,

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. समोरचा दात तुटला हे वाचून मात्र हसू आलं, रागावू नकोस. या वयात दातांनी बाटलीचं झाकण उघडायचं म्हणजे तुझी कमालच! इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढू देतात.

तू विचारलंस, "ताई, डॉक्टर म्हणतात ती नव्या झिलईची सिरॅमिकची कॅप बसवू का? हिरडीला बाधणार तर नाही ना?" अगं, आमच्या प्रयोगशाळेत सध्या तेच तर चाललंय. सिरॅमिकच्या टिकलीएवढ्या चकत्या येतात. काही घासून गुळगुळीत केलेल्या, काही झिलई दिलेल्या, काही तशाच खरबरीत. त्यांच्यावर माणसाच्या हिरडीच्या पेशी सोडायच्या आणि त्या जगतात का ते पाहायचं.

जिवंत पेशी हिरव्या चमकाव्यात असा रंग घालून मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. सोडल्या तेव्हा गोल गोल, बावरलेल्या होत्या. आता नव्या झिलईवर हातपाय पसरून बिलगल्या होत्या. काळोखात नुसते हिरवे दिवे! शाळेच्या चॅपेलमध्ये गुडघे टेकल्यावर छातीत काहीतरी हलायचं, आठवतं? अगदी तसं झालं. कितीतरी वेळ मी खुर्चीवरून उठलेच नाही.

खरबरीत चकतीवर मात्र त्या अंग चोरून राहिल्या. तेव्हा कॅप खुशाल बसव. पण उंच लागली म्हणून डॉक्टरांनी ती घासली, तर पुन्हा गुळगुळीत करून द्या म्हणावं. संकोचू नकोस.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा करून आले.

आमच्या कामात एक रीत आहे. पेशी वाढवायच्या ताटलीत छोटे छोटे खळगे असतात; प्रत्येक चाचणीत त्यातल्या एका खळग्यातल्या पेशींवर मुद्दाम विष घालायचं. या पेशी मरू शकतात हे दिसलं, तरच बाकीच्या जगल्या म्हणण्याला अर्थ. इतकी वर्षं मी ते सहज करत आले. या खेपेला हातच चालेना. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काय हो मॅडम, पेशी नात्यातल्या आहेत की काय?"

चिमे, नात्यातल्याच आहेत.

आईची शेवटची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, हिरडीचा कापलेला तुकडा प्रयोगशाळेला द्याल का. आई गालात बोळा धरूनच म्हणाली, "न्या की! नाहीतरी कचऱ्यातच जायचा. आमच्या थोरलीला तेवढंच काम." त्यातल्या पेशी वाढवून आम्ही छोट्या कुप्यांत गोठवून ठेवल्या. कुपीवर नाव नसतं, आकडा असतो. मला तो विसरता आला नाही.

शेवटी विष घातलं. "अगं टाक की, ढिम्म काय उभी राहिलीस!" असं आईनंच मागून म्हटल्यासारखं वाटलं. त्या खळग्यातले दिवे विझले. शेजारचे वाढत राहिले. जिचे डोळे मी माझ्या हातानं मिटले, तिचं काहीतरी माझ्यासमोर एकाचे दोन, दोनाचे चार होत होतं.

तू धावपळ करत पोचलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. "मला आई दिसलीच नाही," एवढंच म्हणालीस. त्यानंतर या घरी आली नाहीस. पत्रांतून आपण खोकला आणि गुडघे एवढंच बोलतो.

या पेशी कायम वाढत नाहीत गं. त्याही म्हाताऱ्या होतात, थांबतात. आता गोठवलेली एकच कुपी उरलीय आणि अहवालासाठी तीही लागणार. आज मी प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, "माझ्या बहिणीला येऊ द्या." त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत कुणी कुपीला हात लावणार नाही."

ती तू उघड. कोमट पाण्यात धरायची, आतला बर्फ विरघळेपर्यंत. मी शिकवीन. मग दुसऱ्या दिवशी डोळा लावून बघ.

कॅप बसवेपर्यंत थांबू नकोस. तुटक्या दातानंच ये. पाहणारी कुणी परकी नाही.

तुझी वाट पाहणाऱ्या,
ताई आणि आई