माझं रक्त मी देणार नाही

३ जून
संजूदादाचा पुण्याहून फोन. त्याची तपासणी झाली, रिपोर्ट चांगला. अण्णांचा आजार त्याच्यात उतरलेला नाही. फोनवरच रडला. मग लगेच, "आता तूही करून घे."
म्हटलं, आनंद आहे, पेढे पाठव. मी करणार नाही.
त्याला वाटतं मी घाबरते.

५ जून
शाळेच्या मैदानावर सुट्टीतल्या शिबिरात मुलींची लांब उडी घेतली. डोक्यात तेच. अण्णांचे हातपाय आपोआप हलायचे, जीभ अडखळायची. कर्जतच्या बाजारात लोक बेवडा म्हणत; थेंब घेत नसत कधी. आजाराचं नाव शेवटी शेवटी कळलं. हंटिंग्टन. मुलांत उतरायची निम्मी शक्यता. बरं करणारं औषध नाही.
मग आज कळून उद्या काय वेगळं करू? आज हातातून कप सुटला तर कप फुटतो, एवढंच. रिपोर्ट आल्यावर तसं राहणार नाही.

१० जून
काष्टीला आईकडे. तिचंही नकोच, पण कारण वेगळं. "तुज्या प्राजूचं लगीन व्हायचंय अजून. सोयऱ्यांत बोभाटा हुईल."
चिडले. लपवायचं म्हणून नाही गं.
"मंग कशापायी?"
"जगायचंय म्हणून."
भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्यांना आदी कळलं आस्तं, तर तुमी दोगं झालाच नसता."
मी तव्यावरची भाकरी उलटली.

२२ जून
प्राजूला अठरा पूर्ण. केक कापून झाला आणि, "आई, मी तपासणी करणार. मला माहीत हवंय."
प्राजूच्या बाबांचा चेहरा उतरला. तिच्यात निघालं, तर ते माझ्याकडूनच आलेलं.
"काहीही आलं तरी तुला सांगणार नाही मी."
वेडी. लेकीचा चेहरा वाचता येत नाही होय मला?
पण थांब कसं म्हणू? मला नको म्हणायचा जेवढा हक्क, तेवढाच तिला हवं म्हणायचा. लिहायला सोपं आहे हे…

१४ जुलै
प्राजूच्या तपासणीसाठी दुसऱ्यांदा पुणे. समुपदेशक बाईंनी समोर बसवून विचारलं, "मुलीचा निकाल तुमचाही ठरू शकतो. चालेल?"
"चालवून घेईन. माझं रक्त मात्र देणार नाही."
"तेही बरोबरच आहे," म्हणाल्या.
प्राजू एकटी आत गेली. मी बाकावर. बऱ्याच वेळानं आली, कुर्त्याची बाही मनगटापर्यंत खाली. रक्त दिलं की ऐनवेळी नको म्हणाली, बोलली नाही. मी विचारलं नाही.
"भूक लागलीय."
स्टँडसमोर मिसळ खाल्ली. जादा पाव तिनंही मागवला, मीही.
एसटीत दौंड गेलं तशी माझ्या खांद्यावर झोपली. बाही कोपरापर्यंत वर सरकली होती, सुई टोचतात तिथवर. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले.