पेट्रोलची रंभा, डिझेलची मी

गुरुवार, ५ जानेवारी १९९५

पेट्रोल! ह्यांच्या तोंडून पेट्रोल! तीस वर्षं डिझेलचा ट्रक हाकलेला माणूस. कलकत्ता, मद्रास, गुवाहाटी – सगळं डिझेलवर. अंगाला कायम तोच वास. लग्नात हळदीच्या खालूनसुद्धा येत होता, मी विसरलेले नाही. आणि आज जेवताना हातात घास धरून सांगतात, "आपण पेट्रोलची घेऊ. चालवायला हलकी असते."

विषय घरगाडीचा. म्हणजे जिच्यात घरच आहे अशी गाडी – आत बाकावर झोपायचं, आत स्टोव्हवर भात शिजवायचा आणि थेट कन्याकुमारी गाठायची. जमीन गेली, ट्रक विकला, आता आईला सगळा देश दाखवतो, असं ह्यांनी गणपतीत जाहीर केलं. तेव्हापासून गाव हसतंय. जमिनीच्या पैशांतून बंगले सगळ्यांनी बांधले, गाडीत घर कोण बांधतं? मला मात्र मनापासून आवडलं होतं. बावीस वर्षं हे ट्रक घेऊन निघायचे आणि मी दारात उभी असायचे. आता मी शेजारी बसणार होते.

दोन गाड्या ठरवून ठेवल्यात. एक कल्याणला भिवाजीच्या गॅरेजात – कुठल्याशा हॉस्पिटलची जुनी अँब्युलन्स, पेट्रोलची. दुसरी डोंबिवलीत, एका बँडवाल्याची मॅटाडोर, डिझेलची.

मी म्हटलं, "कन्याकुमारीपर्यंत पेट्रोल परवडणारे का?"

हे माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "वयनीला पण पेट्रोलचीच बरी वाटते."

वयनी! म्हणजे रंभा, माझी मोठी जाऊ. मग कळलं घोडं कुठं पेंड खातंय ते.

रविवार, ८ जानेवारी

दोन्ही गाड्या पाहून आलो. हे, सासूबाई, मी आणि अर्थातच रंभा. ती नसेल तर मुहूर्त लागत नाही.

अँब्युलन्समध्ये डेटॉलचा वास. दोन्ही बाजूंना बाक, एक कपाट, पाण्याची टाकीसुद्धा. खोटं कशाला बोलू, गाडी चांगली आहे. चावी फिरवली की मांजरासारखी गुरगुरते. मी मुद्दाम सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्यात किती माणसं मेली असतील कुणास ठाऊक!"

सासूबाई टाकीचा नळ उघडून बघत होत्या. म्हणाल्या, "मेलेली मानसां काय गारीन ऱ्हातान? ती आपल्या घरा जातान."

झालं. माझं एकुलतं एक हत्यार बोथट.

तेवढ्यात ह्यांनी रंभाला म्हटलं, "वयनी, जरा बस पुढं. स्टेअरिंग फिरवून बघ." आणि बसली की ती! ड्रायव्हरच्या सीटवर! सेहेचाळीस वर्षांची बाई, पदर कमरेला खोचून. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण अंगानं काडी, मला लोक मोठी समजतात. स्टेअरिंग दोन बोटांनी फिरलं. हे खुशीत हसले. असे हसलेले मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

डोंबिवलीची मॅटाडोर मात्र खरी गाडी! सुरू झाली तर गल्लीतली कुत्री पळाली. रंभाला तिथंही बसवलं. क्लच दाबता दबेना, दोन्ही पाय लावले तरी नाही. मला इतका आनंद झाला की बँडवाल्याच्या बायकोला मी तिथल्या तिथं लोणच्याची कृती सांगितली.

परत येताना मी म्हटलं, "डिझेलच घ्यायची."

बुधवार, ११ जानेवारी

शेजारची तुळसा आज वाल सोलायला म्हणून आली आणि माझंच सालटं काढून गेली.

"मंजुळा, तुझी जाऊ गाडी चालवते गं! शीळफाट्याच्या रस्त्याला बघितली मी. पांढरी अँब्युलन्स. तुझा नवरा बाजूला बसलेला, शिकवत होता. मजाय बाबा!"

मी म्हटलं, "मला माहितीए." मला काडीचं माहीत नव्हतं.

मला सांगून गेले होते, भिवाजीकडे इंजिन तपासायला जातो. वयनीला मंडईत सोडतो. मंडई! मग भाजी कुठंय?

थोरले दीर जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा मीच रंभाच्या उशाशी बसले होते, मीच तिला पेज भरवली. तेव्हा मला तिची माया होती. आज वाटलं, तिचे केस धरावेत.

संध्याकाळी मी नवी जांभळी साडी नेसून चहा नेला. समोर उभी राहिले. ह्यांनी बशी चाचपून घेतली, चहा प्यायले. एक अक्षर नाही. माझ्याकडे नीट बघतसुद्धा नाहीत हल्ली. नजर कायम बाजूला, कानाकडे नाहीतर खांद्याकडे. मनात पाप असलं की माणसाला डोळ्याला डोळा देता येत नाही.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज माझी अब्रू गेली.

हळदीकुंकवाला पंचवीस बायका आलेल्या. रंभा सकाळीच तिळाचे लाडू वळून ह्यांच्याबरोबर ठाण्याला गेली. "लायसनचं काम आहे," म्हणे. या महिन्यातली ही तिसरी ठाण्याची खेप! एरवी हळदीकुंकवाच्या वेळी ती स्वयंपाकघरात बसून राहते, विधवा म्हणून. दरवर्षी मला वाईट वाटतं. यंदा वाटलं नाही, लिहूनच ठेवते.

भरल्या घरात हे दोघं दारात आले. ह्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल! बावन्नाव्या वर्षी! बायका खुदुखुदु हसायला लागल्या. आणि उंबऱ्याशी रंभानं ह्यांचा कोपर धरला. पंचवीस बायकांसमोर. धरला आणि हळूच म्हणाली, "पायरी, भावजी."

पायरी! तीस वर्षं घाट उतरलेल्या माणसाला स्वतःच्या घराची पायरी दाखवते!

माझ्या हातातली कुंकवाची कोयरी सांडली. तुळसा लगेच म्हणाली, "कुंकू सांडू नये गं आजच्या दिवशी." जा, म्हटलं, मर. मनात म्हटलं.

रविवार, १५ जानेवारी

भांडण. कडाक्याचं. मी सगळं बोलले, गॉगल, ठाणे, कोपर, सगळं. हे खाली बघत ऐकत राहिले. शेवटी एवढंच, "तुझ्या डोक्यात काय पण येतं मंजे." रंभा बोलायला आली, "मंजुळा, ऐक माझं–" तर ह्यांनी हात वर करून तिला थांबवलं. तिला थांबवलं! म्हणजे आहेच काहीतरी.

मी सांगून टाकलं, "पेट्रोलची गाडी दारात आली तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही. तुम्ही दोघं जा कन्याकुमारीला."

सासूबाईंनी तोड काढली. "भांडू नका. देवीला कौल लावू. ती सांगल ती गारी."

गावदेवीचा कौल आमच्याकडे कोणी मोडत नाही. लग्नं ठरतात, विहिरी ठरतात. ह्यांनी जरा विचार केला आणि "लावा" म्हणाले.

मंगळवार, १७ जानेवारी

हे पान फाडून टाकीन कदाचित. पण कुठंतरी लिहायला हवं.

देवीला अंघोळ घालायची पाळी गावात घराघरांत फिरते. या आठवड्यात ती आमची आहे. म्हणजे माझी. पहाटे एकटीच देवळात गेले. पाणी घातलं, पुसलं, शेंदूर लावला. मग समईतलं तूप बोटावर घेतलं आणि देवीच्या डाव्या खांद्यावर चोळलं. शेंदराखाली. दिसणार नाही असं.

देवीकडे बघितलं नाही.

नऊ वाजता सगळे जमले. पुजारी सहदेवानं तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून दोन खांद्यांना चिकटवल्या. मोठ्यानं सांगितलं, "आई, उजवी पडली तर पेट्रोलची. डावी पडली तर डिझेलची. काय तो न्याय दे." कधी कधी कौलाला तासन्‌तास लागतो. आज सहदेवाचं बोलणं संपतंय तोवर डावी कळी घसरली. सुळ्ळकन.

सासूबाईंनी हात जोडले. रंभाचा चेहरा पांढराफटक पडला. पडू दे. हे कितीतरी वेळ हात जोडून उभे. मग म्हणाले, "देवीची इच्छा." आवाज असा, जसा ट्रक विकला त्या दिवशी होता.

मी जिंकले.

बुधवार, १८ जानेवारी

जेवण गेलं नाही. रंभानं ताट झाकून ठेवलं माझ्यासाठी. नेहमी ठेवते.

गुरुवार, २६ जानेवारी

मॅटाडोर दारात आली. बँडवाल्याचा ड्रायव्हर आणून देऊन गेला. चाकाखाली लिंबं, नारळ, गुलाल. आत बाक ठोकलेत, स्टोव्हला कप्पा केलाय, खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. सासूबाई आत जाऊन पाय पसरून झोपल्याही. "झ्याक हाय," म्हणाल्या.

दुपारी मैदानात रंभा शिकायला बसली. हे बाजूला. मी वरणाची फोडणी आचेवर ठेवली आणि गच्चीवरून बघत राहिले. गाडी दोन हात जायची, आचका देऊन बंद पडायची. स्टेअरिंगला ती अक्षरशः लोंबकळत होती. सात वेळा बंद पडली – मी मोजलं. आठव्यांदा तिनं कपाळ स्टेअरिंगवर टेकलं आणि रडायला लागली. मोठमोठ्यानं. गाडीसाठी कोण रडतं इतकं?

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते बघून मी खाली गेले. करपलेल्या फोडणीचा वास घरभर.

हे आत येताना पुटपुटत होते, "जमंल, जमंल. तवर मी हाय ना." मी विचारलं, काय जमेल? "काय नाय," म्हणाले.

शनिवार, २८ जानेवारी

उद्या गाडीची पहिली फेरी. खडवलीला नदीवर. तिथं गाडीतच जेवण करायचं – मी मसाला वाटून ठेवलाय, कोलंबी सकाळी येईल.

रंभा मघाशी आली. म्हणाली, "मंजुळा, उद्या पुढं मी बसते. मला मागं मळमळतं." इतक्या वर्षांत एसटीत कधी मळमळलं नाही हिला! मी म्हटलं, "लिंबू देते, चोखत बस. नवऱ्याशेजारी मी बसणार." ती काही बोलायला गेली, मग ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे वयनी. दिवसाउजेडी जायचंय. वळखीचा रस्ता हाय. हलू नेतो."

हळू! माझ्यासाठी बैलगाडीच्या चालीनं न्या, काही हरकत नाही. मी शेजारी बसणार.

रविवार, २९ जानेवारी

खडवलीला पोचलो नाही.

मी पुढे बसले होते, जांभळ्या साडीत. रागात होते म्हणून सबंध रस्ताभर एक शब्द बोलले नाही. हेही नाहीत. मागं सासूबाईंशेजारी बसलेली रंभाच सारखी पुढं वाकून सांगत होती, "भावजी, डावीकडं सायकल... भावजी, म्हैस..." मी ओरडले, "तुला कोणी विचारलंय का? गप्प बस ना!" तशी ती गप्प बसली.

मग रेल्वेचं फाटक आलं. भर दुपार, लख्ख ऊन. ह्यांनी मला विचारलं, "मंजे, फाटक उघडं हाय ना?"

फाटक बंद होतं. समोर, पंधरा हातांवर.

"थांबा!" इतकंच बाहेर पडलं माझ्या तोंडून. गाडी फाटकाला नाक लावून थांबली. पलीकडून मेल धडधडत गेली.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीपासून ह्यांना मधलं काही दिसत नाही. कडा तेवढ्या दिसतात. साखरेनं डोळे गेले. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, परत येणार नाहीत. माझं तोंडही ह्यांना दिसत नाही, म्हणून बाजूला बघतात. "तुला सांगितलं असतं तर तू गाडीच घेऊ दिली नसतीस," म्हणाले. "तुमाला न्यायाचं होतं. वयनी चालवल, मी बाजूला बसून रस्ता सांगन, असं ठरवलेलं. म्हणून हलकी गाडी बघितली."

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. हे खाली उतरले आणि दाराला धरून उभे राहिले. रंभा माझ्याकडे बघत होती, मी रंभाकडे. कोलंबी मागं तशीच. गाडी पुढे न्यायला आमच्यात कोणी नव्हतं.