मळ तेवढा तुमचा

सांता मोनिका, नेग्रोस, फिलिपिन्स
९ फेब्रुवारी १९९३

चि. ओसांग हिस थोरल्या बहिणीचे, मनांग तिबांगचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मिळाले. इथे उन्हानं पाय भाजून निघतात आणि तू मोजे पाठवतेस! रोममध्ये दुसऱ्यांची घरं आवरता आवरता आपल्या गावचं ऊन विसरलीस की काय? तरी झोपताना घालते. निवृत्त मास्तरणीला कोण बघायला येतंय?

आता खरी बातमी. मेयर अल्देच्या डोक्यात आपल्या गावाला ‘वारसा नगर’ ठरवून घ्यायचं खूळ शिरलंय. मनिलाहून समिती येणार, शिक्का मारणार, मग पर्यटक येणार. साखरवाल्यांच्या चार हवेल्यांना रंग चढतोय, शिंपल्यांची तावदानं घासली जाताहेत. माझी काही हरकत नाही, छान दिसतात. पण पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या करायला जागा हवी, ती त्यांना सापडली चर्चमागच्या झऱ्यावर. आपल्या धुण्याच्या घाटावर. दगडी दोणी फोडायच्या, कौलं उतरवायची आणि वरून डांबर ओतायचं.

मी कौन्सिलच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं की आमच्या आईनं, साबेलनं, जन्मभर तुमच्या वाडवडिलांचे कपडे त्या घाटावर बडवले, तो वारसा नाही? तर एक कौन्सिलर, तोच तो तिसरीत माझ्याकडे दोनदा बसलेला, म्हणाला की मॅडम, वारसा म्हणजे घरं, आज धोबीघाट जपला तर उद्या संडास जपायला सांगाल. सगळे खो खो हसले. मी म्हटलं की बाळा, हवेल्यांमधल्या फोटोत तुझे सेन्योर पांढरेशुभ्र सूट घालून बसलेत ना, ते सूट पांढरे कुणी ठेवले तेवढं सांग आणि मग हस. ठराव मात्र मंजूर झाला.

मला राग कशाचा येतो सांगू? अठ्ठेचाळीस साली ईस्टरच्या आधी बायकांनी मजुरीसाठी हवेल्यांचं धुणं बंद केलं, तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. सेन्योर लोक मळक्या कॉलरी घेऊन मिरवणुकीत चालले होते, आठवतं? बायका जिंकल्या आणि वाढीव मजुरीतून त्यांनीच घाटावर छप्पर घातलं. बायकांनी स्वतःसाठी उभारलेली दुसरी एक तरी वास्तू या गावात मला कुणी दाखवावी. नाही ना? मग हीसुद्धा पाडा!

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. थंडीत डोकं झाकून फिर. माया आहेच, ती टपालखर्च बघून कमी करू नकोस.

तुझी
मनांग तिबांग


रोम
२ मार्च १९९३

ती. मनांग तिबांग हिला ओसांगचा सा. न. वि. वि.

मोजे आवडले नाहीत ते कळलं. पुढच्या वेळी पंखा पाठवते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रागावणार असशील तर आत्ताच रागावून घे, कारण मला तो घाट पाडला तरी दुःख नाही. तू शिकायला बाहेर होतीस, मनांग. मी तिथे होते. सोड्यानं आईच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यात ती खोबरेल भरायची आणि जेवताना मीठ लागलं की ओठ चावून गप्प बसायची. तुला हे जपायचंय? त्या दोणीकडे बघितलं की मला तिचं वाकलेलं कंबरडंच दिसणार. डांबर ओतताहेत तर ओतू देत.

इथल्या लोकांचं तर विचारूच नकोस. कुठलातरी मोडका खांब उभा असतो, त्याला कुंपण, दिवा, पहारेकरी. आमच्या सेन्योराच्या खिडकीतून असाच एक दिसतो. पाहुणे आले की ती त्यांना खांब दाखवते आणि मी मागे ट्रे धरून उभी असते. खांबाचं वय तिला पाठ आहे. माझं आडनाव मात्र इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

तुझं ब्लडप्रेशर सांभाळ. कौन्सिलात भांडायला जाशील तर गोळी घेऊन जा. तुझा हात माझ्या कपाळाला लावला असं समज आणि आशीर्वाद दे.

तुझी धाकटी
ओसांग


सांता मोनिका
२१ मार्च १९९३

चि. ओसांग हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. चार दिवस तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण इथे असं काही घडलं की तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

मनिलाहून समिती आली. मेयरनं त्यांच्यासाठी बँड लावला, चारही हवेल्यांत सरबत ठेवलं. घाटाकडे त्यांना नेऊच नये म्हणून वाटेवर ट्रक आडवा लावून ठेवला. आम्हाला हे आदल्या दिवशीच कळलं होतं, कारण मेयरच्या घरचं धुणं धुणारी नेनिंग आमच्यातलीच. सकाळी गावातली प्रत्येक धुणंवाली आपापल्या मालकांचं गाठोडं घेऊन घाटावर हजर. चर्चच्या वेदीची वस्त्रं, हवेल्यांच्या लेसच्या चादरी, सगळं धुऊन आम्ही थेट रस्त्यापर्यंत दोऱ्या बांधून वाळत घातलं. ट्रकवरसुद्धा! बडवण्याचा आवाज असा घुमत होता की बँडवाले ताल चुकले.

समितीत एक बाई होती, इंजिनीयर लुआल्हाती. तिनं विचारलं की हा आवाज कसला. मेयर म्हणाला की काही नाही, गावातला गोंगाट. ती म्हणाली की मग गोंगाटच आधी बघूया, आणि चादरी बाजूला सारत थेट आली. मागून बाकीचे. नेमकं वाटेत काय वाळत होतं? मेयरसाहेबांच्या अर्ध्या चड्ड्या, पिवळी फुलं असलेल्या. नेनिंगनं मुद्दाम डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या. मी तिला रागवायला हवं होतं, पण हसू आवरेना म्हणून दोणीत तोंड घातलं.

लुआल्हाती बाईनं दोणी हातानं चाचपल्या, छपराचे वासे बघितले, म्हाताऱ्या बायकांना संपाची हकीकत विचारली. जाताना मेयरला सगळ्यांदेखत म्हणाली की घाट पाडलात तर माझी सही मिळणार नाही.

परवा संध्याकाळी मेयर बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या दारात. घाट राहणार म्हणाला. नवीन कौलं, नळ, दिवे, सगळं करतो म्हणाला. फक्त नाव द्यायचं ‘दोन्या क्लेमेन्सिया घाट’. त्याची आजी, हवेलीतली मोठी बाईसाहेब. तिनंच गावाला हा घाट दान केला असं संगमरवरावर कोरून घेणार आहे. मी म्हटलं की तुमच्या आजीनं दान नाही, संपात झऱ्याचं पाणी बंद केलं होतं. तो म्हणाला की मॅडम, जुनं कशाला उकरता, बायकांचंच नाव लागतंय ना? माझी आजी बाई नव्हती का?

आता सांग काय करू? निम्म्या बायका म्हणतात की नाव काही का असेना, दोणी राहतील, पोरींना डोक्यावर छप्पर राहील. त्यांचंही खोटं नाही. तुला तर घाट नकोच होता, तेव्हा तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी लिही. मला घरातलं कुणीतरी बोलायला हवं आहे.

तुझी
मनांग


रोम
१३ एप्रिल १९९३

ती. मनांगला ओसांगचा सा. न. वि. वि.

तुला काहीही माहीत नाही.

ते नाव लावू देऊ नकोस. घाट पडला तरी चालेल, पण त्या बाईचं नाव आपल्या आईच्या दोणीवर नको. ऐक आता. पाणी बंद केलं त्या दिवशी आई मला घेऊन नदीवर गेली. नुसतं प्यायचं पाणी आणायला, धुणं तर बंदच होतं. परत येताना हवेलीखालून वाट होती. दोन्या क्लेमेन्सिया गच्चीत पंखा हलवत उभी होती. वरून म्हणाली की साबेल, किती दिवस हा तमाशा करशील, तुझे हात माझे कपडे धुवायलाच केलेले आहेत. आई थांबली. डोक्यावर घागर तशीच. आई म्हणाली की हात माझे आहेत सेन्योरा, मळ तेवढा तुमचा. आणि चालायला लागली. घागर हिंदकळलीसुद्धा नाही. वळणावर आल्यावर मात्र खाली बसली आणि रडली. मला म्हणाली की मनांगला सांगू नकोस, ती अभ्यास सोडून येईल.

म्हणून नाही सांगितलं, आजपर्यंत.

मी इतकी वर्षं परक्यांच्या घरात काढली. प्रत्येक फाटकावर दुसऱ्याचं नाव. पोट भरलं, तक्रार नाही. पण आपल्या घाटावरही दुसऱ्याचंच नाव लागणार असेल तर मग आमचं काही कधी होतं असं कोण म्हणेल? त्या बायकांना माझं हे पत्र वाचून दाखव. आणि काल रात्रीच्या पाहुण्यांसमोर मी ट्रे टेबलावर ठेवला आणि सेन्योराला माझं पूर्ण नाव सांगितलं. ती बावरली. पाहुणे जास्तच बावरले. एकानं मात्र उठून हात मिळवला.

गोळी घे आणि भांड. आशीर्वाद दे.

तुझी
हेनेरोसा तुपास
(तू ओसांगच म्हण.)


सांता मोनिका
३० मे १९९३

चि. ओसांग हिस पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी घाटावर मोठ्यानं वाचलं. आईच्या वाक्याशी आले तेव्हा कागद नेनिंगच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं. मग सगळ्यांत म्हातारी सालूद, ती आता ऐंशीला आली, उठली आणि म्हणाली की उद्यापासून गावाचं धुणं बंद.

मे महिना, ओसांग! फुलांच्या मिरवणुका, जत्रा, बारशी, लग्नं, सगळ्यांना पांढरं नि कडक खळीचं हवं. मेयरनं आधी धमकावलं, मग बाहेरून बायका आणल्या. त्या घाटापर्यंत आल्या, सालूदशी दोन शब्द बोलल्या आणि आमच्यातच येऊन बसल्या. उद्घाटनाला मेयर आला तो चुरगळलेला बारोंग सदरा घालून, काखेत पिवळे डाग. संगमरवरी पाटी ट्रकमधून उतरवली, पण ती बसवायला गवंडी पुढे होईना. त्याची आई, बायको, सासू, तिघी समोर उभ्या होत्या. मी म्हटलं की मेयरसाहेब, घाटाला नाव द्यायचंच तर ज्यांनी छप्पर घातलं त्यांची द्या, नाहीतर बिननावाचा राहू दे. तो म्हणाला की धुणंवाल्यांची आडनावं कुणाला ठाऊक आहेत? तेव्हा एकेक बाई उठून आपल्या आईचं, आजीचं पूर्ण नाव सांगू लागली. तो निम्म्यातच गाडीत बसून गेला.

जिंकलो असं नाही म्हणणार. गावाला शिक्का मिळाला नाही, वाद मिटेपर्यंत समितीनं फाईल थांबवली. हवेल्यांचा रंग अर्धवट राहिला, दुकानदार माझ्याशी बोलत नाहीत. नेनिंगचं काम गेलं. ती आता माझ्याकडे राहते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. पण घाट उभा आहे. खांबांवर आम्ही नावं लिहिली, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात. पहिलं सालूदच्या आईचं, तिसरं आपल्या आईचं, इसाबेल तुपास. नगरपालिकेनं चुना फासला. आम्ही पुन्हा लिहिली. परवा पुन्हा फासला. आज सकाळी पुन्हा लिहून आले, अजून बोटांना रंग आहे, पत्रावर डाग पडला तर तो त्याचा.

सुट्टी मिळाली की ये. लोभ तर आहेच, तो तिथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी
मनांग तिबांग

ता. क. ती संगमरवरी पाटी परत न्यायला कोणी आलं नाही. सालूदनं ती उलटी करून दोणीशेजारी टाकलीय. मागची बाजू गुळगुळीत आहे, कपडे बडवायला उत्तम. पुढच्या ईस्टरला आलीस तर तुझी जागा तिथे राखून ठेवते.