फ्लेक्सवरची बयाबाई

पिंपळवंडी,
ता. ८ सप्टेंबर २०२५

चि. बाळासाहेब यास बयाआक्काचे अ. उ. आ. रीत म्हणून लिहिला आशीर्वाद, आज मनातून निघत न्हाई.

आणि वर फोन पण उचलत न्हाईस. उचललास तरी गोड बोलून गुंडाळतोस, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये, लागंल तसं वाच.

काल नूतन पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात उभी. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला ऱ्हाणाऱ्या गोरखची थोरली. भातं निघाली की तिची आई चार बाया घेऊन आपल्या रानात कांदा लावायला येती, पोरीबाळी माझ्या पडवीत निजत्यात, तू बघितलंयस. ही पोर औंदा तू नोकरीला हायेस त्या विद्यापीठात गेली, मला पत्ता न्हाई. पेटी घेऊन इकडं कशी विचारलं, तर म्हणाली होस्टेलच न्हाई. जागेवर मुरमाचा ढीग हाये, त्यावर कुत्री बसत्यात. पोरींना हायवेकडंच्या एका गाळ्यात ठेवलंय अन् शटर ओढून बाहेरून कुलूप लावत्यात. मी म्हणाले, बापानं न बघता धाडलीच कशी. पोर माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. म्हणाली, मावशी, तुमीच तर तिथं उभ्या व्हता.

आज तुझ्या दाजींच्या गाडीवर बसून मंचरला आले अन् हायवेवरचा तुमच्या विद्यापीठाचा बोर्ड बघितला. केवढी मोठी मी, ट्रकवाल्यांच्या डोक्याच्या वर. मागं तीन मजली होस्टेल, दारात बोगनवेल, बाजूला हसरी वॉर्डनबाई. अन् माझा हात धरून काळा झगा घातलेली पोर. कुणाची रं ती? मी तर तिला जन्म दिला न्हाई. हनुवटीवरचं माझं गोंदण पुसलंय, वाकडा दात सरळ केलाय. दाजी खाली उतरून बघतच ऱ्हायलं, वर मला म्हणाले की बोर्डावरची जास्त गरीब दिसती, हिलाच घरी न्यावी म्हणतो. त्यांना तिथंच सोडून मी यष्टीनं परत आले.

मग गोरखला फोन लावला. तो म्हणाला, बोर्डावर तुमी दिसला, म्हणजे तुमी सगळं बघून घेतलं असणार. फोन करून विचारणं त्याला बरं वाटलं न्हाई, विचारलं तर बयाबाईवर शंका घेतल्यासारखं झालं असतं. आता म्हणतो पोरीला घेऊन जातो, शिक्षण बास. आवाज चढवून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. लई हळू बोलला.

हे चित्र कुणी केलं अन् माझा फोटो त्यात कसा गेला, ते लिही. नूतन सध्या माझ्याकडून ये-जा करती, तिच्याच हाती उत्तर दे.

पोरांना माझा मुका. तुझ्यावरचा लोभ तूर्त बांधून ठेवलाय.

बयाआक्का

मंचर,
ता. ११ सप्टेंबर

ती. बयाआक्कास बाळासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नूतनने भर ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवलं आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिली. ही युक्ती तिला कोणी शिकवली ते मी ओळखलं.

आक्का, तू समजतेस तसं काही नाही. जाहिरातीची चित्रं आता कॉम्प्युटरवर एआयने बनवतात, सगळीकडेच. आपण सांगायचं, ते काढून देतं. मी 'शेतकरी आई' सांगितलं तर एकदा टीव्हीवरच्या सासूसारखी बाई आली, एकदा पदवीच्या समारंभात डोक्यावर हंडा घेऊन उभी. आमचे सर म्हणाले, आपल्या भागातली वाटली पाहिजे. माझ्याकडे आमच्या धाकट्या शौर्यच्या जावळाच्या दिवशीचा तुझा फोटो होता, तो दिला. आपल्याच बहिणीला काय विचारायचं, असं वाटलं. उलट तुला गंमत वाटेल म्हणून मी बोललो नव्हतो. तुझं नाव कुठेही नाही आणि खाली 'चित्र काल्पनिक' असं स्पष्ट छापलेलं आहे.

होस्टेलचा नकाशा मंजूर आहे. येत्या वर्षी काम सुरू होईल, मग चित्र खरंच होणार. नूतनची थोडी अडचण झाली, मान्य आहे. पण तू गावात बोभाटा करू नकोस. वरच्यांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी जाईल, आणि माझा संसार तुला माहीत आहे. थोरल्या आदेशची यंदा दहावी.

दाजींना नमस्कार. राग ओसरला की दोन ओळी लिही, तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
बाळासाहेब

पिंपळवंडी,
ता. १४ सप्टेंबर

चि. बाळासाहेब यास, आशीर्वाद मागल्या पत्रातलाच धर.

तुझी स्पष्ट अक्षरं बघायला परत गेले. नूतनला नालीत उतरून मान वर करावी लागली, तवा कुठं वाचता आली. मोटारीतल्या माणसानं काय करायचं?

भागातली बाई पाहिजे व्हती म्हणतोस. ती का पाहिजे व्हती ते तू लिहिलं न्हाईस. परकीचं तोंड बघून गोरखनं पोर धाडली नसती, म्हणून. माझ्या तोंडावर लोक पोरी सोडत्यात हे तुला ठाऊक व्हतं, अन् तेच तू उचलून नेलंस. मशिनीला गोरख ठाऊक न्हाई. तुला ठाऊक हाये, त्याच्या घरी बसून नाचणीची भाकर खाल्लीयस. अन् घरच्याला काय विचारायचं म्हणतोस, तर माझी कोंबडी नेताना सुद्धा तू मला हाक मारतोस की रं.

नूतनचं शिक्षण जातंय ती थोडी अडचण, अन् तुझी नोकरी गेली तर तो संसार. मला तुझी काळजी न्हाई असं समजू नको. रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई. पण त्या गाळ्यात अजून पोरी हायेत, त्यांच्या बापांनी पण मलाच बघितलंय. औंदा कांद्याला बाया आल्या न्हाईत तर रान पडंल, ते पडू दे. मी त्यांच्या म्होरं कुठल्या तोंडानं जाऊ? वर्षानं चित्र खरं व्हणार असंल तर वर्षानं लाव. आज मुरमाच्या ढिगाचा फोटो लाव, कुत्र्यांसकट.

तो बोर्ड खाली आला पाहिजे. पोरी गाळ्यातून हलल्या पाहिजेत, नीट जागेत, आतून कडी लागंल अशा. अन् तू स्वतः डिंभ्याच्या वर जायचंस, गोरखच्या अंगणात बसून सांगायचंस की बयाबाईनं काही बघितलं नव्हतं, तिला इचारलंच नव्हतं. मी सांगून उपयोग न्हाई, चित्र तू केलंस.

गोरख शुक्रवारी पोरीला न्यायला येतोय. एकदा वर गेली की परत खाली यायची न्हाई, सोयरीक बघून ठेवलीय त्यानं. म्हणून गुरुवारी दिवस मावळायच्या आत तुझं उत्तर पाहिजे, तुझ्या सरांच्या सहीचं. न्हाई आलं तर शुक्रवारी सकाळी मी त्या बोर्डाखाली येऊन उभी ऱ्हाणार, गोंदणासकट, वाकड्या दातासकट. जो बाप पोरीला घेऊन तिथं थांबंल, त्याला हाताला धरून गाळ्यावर नेणार. कोण हाये मी असं कुणी विचारलं तर तुझी बहीण म्हणून सांगणार.

लोभाचं काय ते तुझा कागद हातात आल्यावर. गुरुवारी, ता. १८. फोन करू नको.

बयाआक्का